अर्णवच्या वाट्याचं धुणं

मी, यामिनी माधव निसळ, वय ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मतांमुळे काही नातेवाइकांना त्याबद्दल पूर्वीपासून शंका आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर मी त्याविरुद्ध सभा घेतली असती.

१. श्रीरामपूरचे राहते घर माझ्या कमाईचे व माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात माझी मुलगी लीना हिचे एकटीचे होईल. देवळाली प्रवरा येथील माझी जमीन विकून मुलगा अर्णव याला पुण्यात घर घेऊन दिले, तो त्याचा वाटा. हा लीनाचा. मुलीला घर दिले म्हणून कोणी माझे कौतुक करू नये. हिशेबात कौतुक नसते.

२. बँकेतील शिल्लक दोघांनी निम्मी वाटून घ्यावी.

३. पुस्तके सोनईच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी लेखकांशी घातलेले वाद कोणी खोडू नयेत.

४. तीन पांढरे लिननचे टेबलक्लॉथ अर्णवला. ते लीनाला जातील असे सगळ्यांनी धरून ठेवले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

हे कापड माझे दिवंगत पती माधव यांनी मायदेशी परत निघालेल्या एका डॉक्टरीणबाईंच्या सामानातून विकत घेतले होते. लिनन म्हणजे जवसाच्या काडीचे सूत. ज्याची आपण चटणी करतो तेच जवस, हे माधवने मला सांगितले आणि पुढे मी ते निम्म्या जिल्ह्याला सांगितले. त्या काळी मी बायकांच्या हक्कांवर गावोगाव भाषणे देत असे; सभेच्या टेबलावर पक्षाचा झेंडा अंथरत, नाहीतर मंडपवाल्याचे तेलकट प्लॅस्टिक. झेंड्यावर चहाचा कप ठेवणे मला पटेना आणि प्लॅस्टिकवर हात ठेवणे सोसेना. मी माझे कापड सोबत नेऊ लागले.

सोनईला हळदीकुंकवाची सभा होती. लंकाबाई विधवा, म्हणून त्यांना मागे बसवलेले. मी म्हणाले, "पहिलं कुंकू त्यांना लावा, मग मी बोलते."

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बाई, तुमी पाहुण्या हायेत. तुमी आपलं बोला."

मी बोलले. टेबलावर मूठ आपटली आणि हळदीची वाटी कापडावर उलटी झाली. लंकाबाई उठून पुढे आल्या, सांडलेल्यातली चिमूटभर उचलली आणि स्वतःच कपाळाला लावली. "सांडलीच हाय तर वाया कशाला घालवायची," म्हणाल्या. पुढे मी काय बोलले ते आता कोणाला आठवत नाही. मलाही नाही.

घरी येऊन मी डागावर साबण चोळला आणि पिवळ्याचा लालभडक झाला. मला वाटले, कापड गेले. माधवने ते माझ्या हातातून काढून घेतले. "यामिनी, तू भाषणं कर. हे माझ्यावर सोड." त्याने ते भरपूर पाण्यात खळबळले आणि ओलेच कडक उन्हात टाकले. दुसऱ्या दिवशी डाग शोधावा लागला.

त्यानंतर दर सभेनंतर तोच धूत असे. तहसील कचेरीतून आला की बाह्या दुमडून परसात. कुंपणापलीकडून शेजारचे गोरक्ष विचारत, "भाऊसाहेब, बाईंचं भाषान वाळत घातलंय व्हय?"

माधव म्हणे, "हो. पूर्ण वाळायच्या आत इस्त्री करतो. नाहीतर सुरकुत्या जात नाहीत."

मी खिडकीत बसून पुढचे भाषण लिहीत असे. धुण्यासाठी तो भिजवी त्या रिठ्यांचा वास आला की मला अजूनही वाक्ये सुचतात.

५. अर्णवसाठी सूचना: बोअरचे पाणी जड आहे, त्यात साबण फुटत नाही, रिठे रात्रभर भिजवून ते पाणी वापरावे. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावे. ओलसर असताना दोघांनी चार कोपरे धरून ताणावे, मग उलट्या बाजूने इस्त्री. घडी घालू नये, घडीवर सूत तुटते. नळीवर गुंडाळून जुन्या धोतरात ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यास मी स्वप्नात येईन.

६. अट: अर्णवने ते वर्षातून एकदा स्वतःच्या हाताने धुवावेत. लाँड्रीत दिल्यास ते लीनाकडे जातील.

७. नणंदबाई पंकजाताईंना माझी पितळी इस्त्री. "आमच्या माधवचा हिनं धोबी केला," असे त्या लग्नाकार्यात सांगत. इस्त्री जड आहे. उचलून पाहावी.

८. या मृत्युपत्राचा मसुदा दिवाळीत अर्णवला फोनवर वाचून दाखवला होता. तो म्हणाला, "आई, लीनाला घर आणि मला धुणं?"

"तुझ्या बाबांचं होतं ते."

त्याने फोन ठेवला आणि त्यानंतर केला नाही. माझ्या विरोधात घोषणा ऐकत मी भाषणे केली आहेत, पण ही शांतता मला झेपली नाही.

परवा रविवारी तो न कळवता आला. मसुदा मागून घेतला, उभ्यानेच वाचला आणि विचारले, "रिठे कुठे आहेत?" मोठे कापड धुतले. ताणायला दुसरी बाजू मी धरली.

"आई, तू सोडतेस."

"तू ओढतोस."

दारातून लीना म्हणाली, "फाडा आता. म्हणजे वाटणी सोपी."

तो हसला, पण कोपरे हातात तसेच धरून म्हणाला, "बाबा तुझ्यासाठी धूत होते. मी कोणासाठी धुऊ?"

मी माझ्या बाजूचे कोपरे त्याच्या हातात दिले. तो म्हणाला, "अट काढ. अट असली तर मी हे घेणार नाही. नसली तर धुवायचं की नाही ते माझं मी बघेन."

मी रात्रभर विचार केला. कलम ६ मधील अट मी रेघ मारून रद्द केली आहे व शेजारी सही केली आहे. टेबलक्लॉथ अर्णवचेच. माधवलाही कोणी अट घातली नव्हती.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) यामिनी माधव निसळ

साक्षीदार:
१. (सही) डॉ. धनश्री खर्डे, श्रीरामपूर
२. (सही) कल्याण वाबळे, श्रीरामपूर

स्थळ: श्रीरामपूर
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५