उजव्या सीटचं कव्हर

प्रिय चिमणे,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी घोटभर पाणी पी. आम्ही दोघं धडधाकट आहोत. हातात मोबाइल असताना ही बाई पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण मी फोनवर बोलायला लागले की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, हे तुझंच म्हणणं, आणि आपल्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते ती थेट गॅरेजवर. तिथे हल्ली हे सकाळपासून असतात. म्हणून दोऱ्याची रिळं आणायच्या निमित्ताने बाहेर पडून हे पत्र पेटीत टाकणार आहे. तुझ्या आईसमोर वाचू नकोस. छोटीला झोपव, दार लावून घे आणि मग वाच. ह्यांनी तुला रविवारी बोलावलंय ना, त्याबद्दलच आहे. पण मला सुरुवातीपासून सांगू दे, नाहीतर मीच गोंधळून जाईन.

गाडीपासून सुरू करते. तू मागच्या खेपेला आलीस तेव्हा गॅरेजचं शटर खाली होतं, आणि तू तिकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाहीस. ते मी समजू शकते. मलाही ती लाल गाडी डोळ्यासमोर नको होती. पोलिसांनी सोडली तेव्हा मी म्हटलं होतं, भंगारवाल्याला देऊन टाका. पुढचा भाग तर चुरगळलेल्या कागदासारखा झाला होता. पण ह्यांनी क्रेन बोलावली आणि ती थेट घरी आणली. आपल्या उंटाची ती लाडकी गाडी, तुला आठवतंय ना, एवढा लांबलचक माणूस त्या बुटक्या डबीत शिरायचा तेव्हा गुडघे कानाला लागतील की काय असं वाटायचं. सीट पार मागच्या खाचेत ढकलायचा आणि तरी कुरकुरायचा, आई, अजून वीतभर जागा हवी होती गं. तुम्ही पहिल्यांदा जोडीने दारात उभे राहिलात तेव्हा ह्यांनीच म्हटलं होतं, आला बघ उंट, आणि खांद्यावर चिमणी. तेव्हापासून तुम्हाला तीच नावं चिकटली. किती हसलो होतो आपण!

हे गाडीच्या मागे का लागले होते, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जन्मभर लेथ मशीनवर काम केलेला माणूस. त्यांना त्या गाडीत बिघाड शोधायचा होता. ब्रेक निकामी झालेला निघाला असता, चाकाचा एखादा बोल्ट तुटलेला निघाला असता, तर त्यांना आपल्या मुलाला माफ करता आलं असतं. तुला माहीत आहे, हे काय काय बोलले होते त्याला. स्वतः गेला तो गेला, पोटुशी बायकोला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं, असला मुलगा नसता तर बरं. लोकांसमोर बोलले. मी फोटो फ्रेम करून आणला, तर म्हणाले, माझ्या भिंतीवर नको. तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवला होता. आणि गाडीत काय निघालं? काहीच नाही. ब्रेक ठणठणीत, स्टिअरिंग ठणठणीत, टायर नवेकोरे. एकेक भाग खोलून हे माझ्यासमोर आणून ठेवायचे आणि म्हणायचे, बघ, ह्यातही काही नाही. बिघाड सापडत नव्हता आणि ह्यांचा राग वाढत होता.

एकदा खोलली म्हटल्यावर जोडणं आलंच. मग काय, सगळं घर गॅरेज. माझ्या चांगल्या पातेल्यात नटबोल्ट रॉकेलमध्ये भिजत पडलेले, जेवायच्या टेबलावर बॉनेट. मी बडबडायचे, पण खरं सांगू, मला बरंही वाटायचं. माणूस निदान उठून कामाला लागला होता. चौकातला डेंटर दर आठवड्याला यायचा, पत्रा ठोकून द्यायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, काकू, काका माझं दुकान बंद पाडणार. रंग इतका झकास लागलाय की त्यात तोंड दिसतं. पंधरवड्यापूर्वी हे म्हणाले, आता फक्त सीटची कव्हरं राहिली, ती तू शीव. मला कोण आनंद झाला! म्हटलं, चला, शेवटी शिवणयंत्राशिवाय तुमचं पान हलत नाही.

डावी सीट नवी आणली आहे. जुनीचा पार चेंदामेंदा झाला होता. उजवी, स्टिअरिंगसमोरची, मात्र जुनीच आहे. तिचं कापड तेवढं फाटलंय. हे म्हणाले, पायाखाली गालिचाही घालायचाय, पेडलपासून सीटपर्यंतचं माप घे. मी वाकून टेप लावली आणि चिमणे, माझा हात तिथेच थांबला. ते माप मला पाठ आहे. दुकानातून आणलेली तुझी प्रत्येक पॅन्ट मी खालून कापून आखूड केली आहे, आणि त्याच्या प्रत्येक पॅन्टला खालून पट्टी जोडली आहे. त्या जागेत उंटाचे पाय मावलेच नसते. मी सीटखालचा खटका ओढला, सीट हलेना. खाली वाकून पाहिलं तर ज्या पट्टीवरून सीट सरकते ती धडकेने वाकून सीट तिथेच, पार पुढच्या खाचेत अडकून बसली आहे. धडक बसली त्या क्षणी ती जिथे होती तिथे. मी वळले तर हे मागे दिवा धरून उभे. म्हणाले, आलं का माप? मी म्हटलं, आलं. म्हणाले, मीही घेतलं होतं, मलाही तेवढंच आलं. एवढं बोलून दिवा माझ्या हातात दिला आणि हात धुवायला निघून गेले.

त्यावर आमच्यात आजपर्यंत एक अक्षर बोलणं झालेलं नाही. मी मनाची समजूत घालत राहिले. त्या वाटेने जाणाऱ्या ट्रकवाल्याने तुम्हाला बाहेर ओढून रस्त्याच्या कडेला झोपवलं तेव्हा त्याचा धक्का लागून सीट पुढे आली असेल. पण वाकलेल्या लोखंडात अडकलेली सीट कुणाच्या धक्क्याने कशी हलणार? आणि मग भांडी लावताना एकदम मला हॉस्पिटल आठवलं. तुझ्या अंगावर उठलेल्या वळावर मलम मीच लावत होते. सीटबेल्टच्या पट्ट्याचा तो काळानिळा वळ, उजव्या खांद्यावरून निघून डाव्या कमरेपर्यंत गेलेला. डावीकडे बसणाऱ्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो गं. चालवणाऱ्याचा उजव्या. हाताने मलम चोळलं, पण तेव्हा डोक्यात काही शिरलं नाही. माझा मुलगा शवागारात होता, मी वळाची बाजू कुठे बघत बसणार होते? हे वळाचं मी ह्यांना सांगितलेलं नाही आणि मेले तरी सांगणार नाही.

आता ह्यांचं ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीत खिळा ठोकल्याचा आवाज आला. फोटो भिंतीवर होता. हे त्या काचेला कपाळ टेकवून उभे होते आणि खांदे हलत होते. मी पाऊल न वाजवता मागे फिरले. मला वाटलं, रडले, आता निवळतील. त्या दिवसापासून हे बदलले ते असे की माझ्या जिवाला घोर लागलाय. चिडत नाहीत. जेवणाला नावं ठेवत नाहीत. दाढी रोज करतात. काम करताना शीळ घालतात. सगळं आयुष्य मी ह्यांची चिडचिड ऐकत काढलं, ती मला परवडली असती. ही शीळ ऐकली की हातातलं काम खाली ठेवावंसं वाटतं.

डेंटरला ह्यांनी येऊ नको म्हणून सांगितलंय. परवा तो मला वाण्याकडे भेटला, बिचारा बाजूला घेऊन म्हणाला, काकू, काकांचं काही बिनसलंय का? उजव्या सीटची पट्टी सरळ करणं माझ्या हातचा मळ, पण हात लावू देत नाहीत. म्हणतात, सीट आहे तिथेच बरोबर आहे. आणि पट्टा एकाच बाजूला का बसवलाय? मी घरी येऊन बघितलं. खरंच, उजवीकडे नवा पट्टा आहे. डावीकडे काहीच नाही, भोकंसुद्धा रंगाखाली बुजवून टाकलीत. आपल्या उंटाला पट्टा लावायचा कंटाळा, ते सगळ्यांना माहीत होतं. मी ह्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, दुसरा पट्टा कुठाय? म्हणाले, त्या बाजूला मीच बसणार आहे, मला नको.

आणि मग तुला फोन केला. मी तिथेच भाजी चिरत होते, तुला वाटलं असेल मला काही माहीत नाही. किती गोड आवाज काढला होता! बाळा, गाडी तयार झाली, पहिली चक्कर तूच मारायचीस. छोटी राहील आजीजवळ, आपण दोघंच तलावाच्या रस्त्याने जाऊन येऊ. तो रस्ता, चिमणे. तेच वळण. तू बहुतेक म्हणालीस की मला कुठे गाडी येते, कारण हे हसले आणि म्हणाले, येते तुला. त्यानंतर बराच वेळ नुसता फोन कानाला लावून उभे होते. तुझ्याकडून काहीच आवाज येत नसणार. मग म्हणाले, छान, रविवारी वाट बघतो.

मी माझ्या परीने वेळ काढत होते. कव्हर झाल्याशिवाय गाडी पूर्ण नाही, म्हणून दिवसा शिवायचे आणि हे अंघोळीला गेले की चूक झाली म्हणत उसवायचे. सुई मोडली, दोरा संपला, पाठ धरली, सगळी सोंगं झाली. काल बाजारातून आले तर यंत्रावर कव्हर नाही. गॅरेजमध्ये जाऊन बघते तर उजव्या सीटवर चढवलेलं. उरलेली शिवण ह्यांनी स्वतः हाताने घातली आहे, भल्यामोठ्या टाक्यांनी, एकसारख्या. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने शर्टाचं बटण लावलेलं नाही! मला बघून म्हणाले, तुला त्रास नको म्हणून मीच उरकून टाकलं.

खोटं कशाला लिहू, मला तुझा राग आला. इतका की तू पाठवलेले छोटीचे फोटो मी कित्येक दिवस उघडलेच नाहीत. ह्या माणसाने आपल्या मेलेल्या मुलाला शिव्या घातल्या आणि तू समोर बसून ऐकत होतीस. ते मला अजून गिळता येत नाही. पण तू तेव्हा कशी होतीस तेही मीच बघितलंय. पोटात बाळ, डोकं फुटलेलं, नवरा गेल्याचं नुकतंच कळलेलं, आणि तो पोलीस वही काढून विचारतोय गाडी कोण चालवत होतं. एक वाक्य तोंडातून गेलं असेल आणि मग ते परत घ्यायची वाट सापडली नसेल. हट्टही बहुतेक त्याचाच असणार, शीक गं, शीक गं म्हणून. मी त्याला ओळखते. तुला माफ केलं असं मी लिहीत नाही, ते अजून जमलेलं नाही. पण तुला काही झालेलं मला चालणार नाही, हे मात्र खरं आहे. तू छोटीची आई आहेस आणि माझी तू एवढीच उरली आहेस.

म्हणून हे पत्र. रविवारी येऊ नकोस, एवढंच लिहिणार होते. पण तू आली नाहीस तर हे गाडी घेऊन तुझ्या दारात येतील. मघापासून इंजिनाचा आवाज येतोय, पहिल्यांदाच सुरू झालंय, आणि हे ते बंदच करत नाहीयेत. ह्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. कदाचित त्या वळणावर तुझ्या तोंडून खरं ऐकायचं असेल, बस, तेवढंच. कदाचित नसेल. ह्या माणसाबद्दल मी पहिल्यांदाच शपथ घेऊ शकत नाही. तेव्हा शनिवारी सकाळी ये, एकटी, बसने. छोटीला आणू नकोस. पुढच्या दाराने ये, गॅरेजकडे पाऊल टाकू नकोस, हे कितीही गोड बोलले तरी त्या गाडीत बसू नकोस. टेबलाशी बसून स्वतःच्या तोंडाने सगळं सांग. मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसेन. पण त्याआधी दारातच मला एक सांगायचंस. तू हॉस्पिटलमध्ये म्हणाली होतीस, शेवटी तो काही बोलला नाही, नुसता समोर रस्त्याकडे बघत होता. रस्त्याकडे तू बघत होतीस, चिमणे. तो शेजारी होता, तो तुझ्याकडे बघत असणार, आणि माझा मुलगा कधी गप्प बसायचा नाही. तो काय बोलत होता, ते मला सांग. ह्यांच्या आधी मला सांग.

तुझीच,
आई