मले कोण ओळखून राहिलं?

मोहाडी, मंगळवार

केवळराम गड्या,

टेकचंदचा रामराम. तुझा गुडघा कसा आहे? सिहोऱ्याकडं धान निसवलं का? घरी सगळ्यांले विचारलं म्हणून सांग. मंदाबाईलेही. (आधी बाकीच्यांले सांग, मग तिले.) माझी तब्येत बरी आहे, पण जीव थाऱ्यावर नाही. हातमागावर बसलो की उठावंसं वाटते, उठलो की कुठं जावं समजत नाही.

झालं असं, की मी घरच्या कॉम्प्युटरवर एक गोष्ट शोधली. काय, ते विचारू नको, खाजगी आहे. ती गुपचूप पाहाची काळी खिडकी असते ना, तिच्यात शोधली, वरून मागचं सगळं पुसलंही. माणसानं आणखी काय करावं? दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता साड्यांच्या ऑर्डर पाहाले बसलो, तर बाजूले जाहिरात, वयस्कांसाठी शेरवानी! तिच्या खाली केसांचा कलप. त्याच्याही खाली मंगल कार्यालय, वातानुकूलित. अन् सूनबाई हर्षा मागंच उभी! बोलली असती तर बरं झालं असतं गड्या. तिनं नुसतं माझ्या डोक्याकडं पाहिलं. (आहेत तेवढे केस पांढरे आहेत.)

नागपूरच्या भाच्याले, भूपेंद्रले, फोन लावला. तो याच कामात आहे. म्हणे मामा, नुसतं पुसून काही होत नाही. तुमच्या पडद्याचं माप, घड्याळ, भाषा, अक्षरांचे फॉन्ट, हे सगळं वेबसाइट गुपचूप पाहून घेते अन् त्याची मिळून तुमची खूण होते, मग नाव सांगा की नका सांगू. मी म्हटलं, असं का? मग खूणच बदलून टाकतो! (तो पुढं काही सांगून राहिला होता. मी फोन ठेवला. माझा स्वभाव तुले माहीत आहे.)

घड्याळ जपानचं लावलं. भाषा आइसलँडची केली. सापडले तेवढे फॉन्ट उतरवले अन् ऐटीत बसलो. म्हटलं, ओळखा आता बेट्यांनो! तर बाप्पा, शेरवानी तीच, फक्त तिच्यावर काय लिहिलं ते वाचता येईना. भाषा पुन्हा मराठी कराले गेलो तर कोणतं बटन कशाचं, तेही समजेना. शेवटी हर्षालेच बोलवावं लागलं. तिनं खालमानेनं सगळं ठीक करून दिलं. ओठ दाबून हसत होती, असा मले संशय आहे.

भूपेंद्र तर फोनवर खो खो हसला. जपानच्या वेळेवर आइसलँडची भाषा लावणारे साऱ्या जगात तुम्ही एकटेच असाल मामा, म्हणे, तुमच्याइतकं ओळखू येणारं कोणी नाही. चारचौघांसारखे राहा. खूण झाकणारा ब्राउझर घ्या, तो आहे तसाच ठेवा, पाठलाग करणाऱ्यांले अडवणारं एक साधन टाका अन् बाकी खटाटोप सोडा. सोडला. पण चैन नाही. आता रस्त्यानं जातानाही वाटते, पानठेलेवाला माझं माप घेऊन राहिला.

तर तूही जपून राहा. कागदासारखं सुरक्षित काही नाही, म्हणून हे पत्र.

तुझा,
टेकचंद

ता.क. ते शोधलेलं 'साठीनंतर दुसरं लग्न' होतं. तुझ्यापासून कायले लपवू? माझी घरवाली राधाबाई गेल्यापासून घरात सगळे आहेत, पण माग थांबला की मले बोलाले कोणी नाही. मनात मंदाबाई आहे. तू तिचा मोठा भाऊ. एकदा विचारून पाहा, माझं नाव न घेता. हर्षाले मात्र कळू देऊ नको, मी तिले तोंड दाखवू शकणार नाही.

आणखी एक ता.क. तुमच्याकडं एसटीच्या कंडक्टरसंगं मी विणलेली कोशाच्या रेशमाची शाल आली असेल. पाठवणाऱ्याचं नाव-गाव काही नाही. (मी पूर्ण काळजी घेतली.) मंदाबाईनं विचारलं तर तुले काही माहीत नाही.

शेवटचा ता.क. पाकीट चिकटवत होतो, तर अनोळखी नंबरावरून फोन. (उचलू नये म्हणतात. उचलला.) तुम्ही आमच्या शेजारी राहत होता तेव्हा आमच्या ओट्यावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी तुझी बहीण! नमस्कार ना चमत्कार. म्हणे, "का जी, शालीचा डावा काठ अजून ढिलाच सोडून राहिले तुम्ही? हात लावला अन् समजलं. तुमच्या घरी फोन केला होता, हा नंबर सूनबाईनंच दिला. रविवारी तिले संगं घेऊन जेवाले या."

केवळराम, तिले आता काही विचारू नको. मलेच एवढं सांग, केस काळे करू की राहू देऊ?