२०३५ च्या नोकरीसाठी एम.टेक.

१२ मे २०२५, सकाळी ९.४०, औसा
एम.टेक.चं कॉलेज आज फायनल करणार. पोरं यंदाचं प्लेसमेंट बघतात, आपण २०३५ चं जॉब मार्केट बघतो. एक्सेल उघडली. कॉलेजं बेचाळीस, कॉलम एकोणीस. गेट स्कोअरचं हे तिसरं, म्हणजे शेवटचं वर्ष. पुढं तो रद्दी. पहिली दोन वर्षं मुद्दाम सोडली होती. मार्केट तयार नव्हतं.

१३ मे
विसावा कॉलम टाकला. हायड्रोजन. थकलो.

१९ मे
वडिलांची, अप्पांची, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात आडत आहे. सोयाबीन धरून ठेवलं की भाव येतो, हे लहानपणापासून बघतोय. स्कोअरही तसाच धरला, असं त्यांना समजावलं. म्हणाले, आरं, धरलेला माल कवातरी इकावा बी लागतो. अप्पांना लाँग टर्म कळत नाही.

२७ मे
नांदेड कटवलं. लोह्याची धम्मप्रिया, बी.ई.ची बॅचमेट, फोनवर म्हणाली, तू लई हुशार हायस, पण नांदेड ठिव की यादीत, तुझ्या स्कोअरवर मिळून जाईल. म्हणालो, सकाळच्या एसटीनं निघून जेवायला जिथं पोचता येतं, तिथून ग्लोबल करिअर होत नसतं. तिनं तीस चॉइस भरलेत. कीव आली.

४ जून
यादीत आता नऊ.

९ जून, रात्री ११.५०
यादीत एक. सर्वोत्तम. पोर्टल विचारतंय, आणखी चॉइस भरायचे का? पोर्टलसुद्धा मध्यमवर्गीयच. लॉक केलं. आता बदल नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

१० जून
नऊला उठलो. आईनं तोवर चार घरी, पोराची ॲडमिशन झाली, असं सांगून टाकलं होतं. मीही खोडून काढलं नाही.

१६ जून
पहिली फेरी. सीट नाही. पहिल्या फेरीत घाईची माणसं जातात. धम्मप्रियाला नांदेड मिळालं. अभिनंदन केलं, बरंचसं मनापासून.

३० जून
दुसरी फेरी. नाही. सर्व्हरवर संशय आहे.

१४ जुलै
शेवटची फेरी संपली. नाही.
अप्पा चिडतील वाटलं होतं. ते दुपारी दुकान सोडून घरी आले आणि शेजारी बसून जेवले. चिडले असते तर बरं झालं असतं. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

१५ जुलै
खरं तर एम.टेक.च आउटडेटेड आहे. कन्सल्टन्सी काढायची. नाव ठरवतोय.

२ ऑगस्ट
होस्टेलवरून धम्मप्रियाचा फोन. पुढं नोकरी लागायला कोणता इलेक्टिव्ह विषय घेऊ? चाळीस मिनिटं सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, लई बरं झालं, समदं लिहून घेतलंय. मग विचारलं, तुझं कुठं झालं? रेंज जातेय म्हणून फोन ठेवला.
आईनं विचारलं, कुणाचा रे? म्हणालो, ऑफिसचा.
म्हणाली, कोणतं ऑफिस?