सुरमईने तोंड फिरवलं

भटवाडी, घाटकोपर
जानेवारी १९८६

प्रिय सुगंधा,

दशरथरावांचा ट्रंककॉल आला तेव्हा मी वाण्याच्या दुकानात उभी राहून नुसती हो हो म्हणत होते. मागे साखरेसाठी बाया खोळंबलेल्या आणि लाइनीत एवढी खरखर, की काही बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागलं असतं. काही गोष्टी ओरडून बोलता येत नाहीत. म्हणून लिहायला बसले. पण आधी तुझ्या मांजरीचं सांगते, कारण इथे सध्या दुसरं काही सुचतच नाही.

सुरमईचं ऑपरेशन केलं. पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते. दर खेपेला ती शेजारच्या विमलाच्या गोधड्यांत बाळंत व्हायची आणि विमला अख्खी चाळ डोक्यावर घ्यायची. या वेळी तिने निक्षून सांगितलं, "काकी, हिचा काहीतरी बंदोबस्त करा, नाहीतर मी हिला पिशवीत घालून मनोरीच्या होडीत सोडून येईन." येईलही, ती बाई तशीच आहे. आणि सासरी निघताना तू कुणाच्या गळ्यात पडून रडलीस ते मी विसरलेले नाही. आम्ही दोघं बाजूला उभे, आणि तू मांजर सोडायला तयार नाहीस. तेव्हा तिला होडीत कशी बसू देणार? मी भुसावळला तुझ्याकडे येण्याआधीच मुलुंडच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती. मी परत आल्यावर बाबा तिला करंडीत घालून, वरून माझं जुनं लुगडं बांधून घेऊन गेले. आणली तेव्हा पोटावरचे केस काढलेले, टाक्यांची एक वाकडी रेघ. डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडे बघत नव्हती.

तेव्हापासून ती जेवत नाही. बोंबील भाजून ठेवला, बांगड्याचे काटे काढून दिले. उष्ट्या पानातला मासा पळवणारी ही बया, वास घेते आणि तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाले, गुंगीच्या औषधाने वास येत नाही आणि वास आला नाही की मांजराला अन्न अन्न वाटत नाही. कोमट करून द्या, बोटाने ओठाला लावा. तेही केलं. तिने पंजाने ओठ पुसला. मग पुन्हा नेली, तर म्हणाले, टाके चांगले आहेत, ताप नाही, पण अशीच उपाशी राहिली तर लिव्हर बिघडेल. टाके चांगले आहेत हे ऐकून मला रागच आला. टाके चांगले असून काय करायचेत? मी चिडून तिचा जबडा धरून भरवायला गेले तर बाबा म्हणाले, "अगो, तिच्या पोटात दुखता. तू तिका कित्याक छळतंस?" मला एवढं बोलून स्वतः मात्र रोज सकाळी पिशवी घेऊन मासळीबाजारात जातात. काल मांदेली, आज कोळंबी. एरवी आपल्याला कोळंबी आणताना हात आखडणारा माणूस. आणलेली तिच्यापुढे ठेवतात आणि काही न बोलता बाहेर बाकड्यावर जाऊन बसतात. त्यांना तुझ्याबद्दलही काही बोलता येत नाही गं. कालपरवा तुझी फ्रॉकाच्या वयातली चप्पल माळ्यावर सापडली, ती पुसून पुन्हा तिथेच ठेवली त्यांनी.

मला सारखं आठवतं ते तुझं नवं बिऱ्हाड. मी पहिल्यांदा आले तेव्हा माझा डबा आणि फिरकीचा तांब्या बघून तू किती हसलीस. भरली वांगी केली होतीस, खालून जराशी लागलेली. दशरथराव म्हणाले, "आई, घासभर तरी घ्या." मी म्हटलं, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, आमच्यात रीत आहे, बारशाला येईन तेव्हा हात धुऊन बसेन. माझी आईसुद्धा माझ्या घरी तू झाल्यावरच जेवली. या खेपेला तू दवाखान्यात होतीस तेव्हाही मी फाटकाबाहेरची केळी आणि चहा यावरच राहिले. तुला घरी आणून झोपवलं, मऊ भात टाकला, तुझ्या उशाशी ठेवला, आणि मी पाणीसुद्धा न पिता गाडीला निघाले. तू भिंतीकडे तोंड करून होतीस. मला वाटलं, झोप लागली.

काल दुपारी माझं डोकं गरगरलं. फोन आल्यापासून माझ्याही पोटात धड काही नव्हतं. भात आणि मांदेलीचं कालवण घेतलं आणि खाली फरशीवर, तिच्या पोत्याशेजारीच बसून जेवायला लागले. तिला काही विचारलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. अर्धं जेवण झाल्यावर ती उठली, पोट सांभाळत आली आणि माझ्या ताटाच्या कडेचं कालवण दोनदा चाटलं. मी हात तसाच धरून बसले. आठवतंय ना, आपण जेवायला बसलो की हीपण जेवायची, एकटीला वाढलं तर ढुंकून बघायची नाही. आज सकाळी मात्र पुन्हा तोंड फिरवलं. वाचेल की नाही, मला ठाऊक नाही.

आता फोनवर दशरथराव काय म्हणाले ते सांगते. पिशवी काढल्यापासून तू अन्नाला शिवत नाहीस, बोलत नाहीस, एकदाच बोललीस ते एवढंच, की आता आई आपल्या घरी कधीच जेवणार नाही. सुगंधा, तुझी पिशवी मला परत आणून देता येत नाही. तुझं दुखणं मला घेता येत नाही, तुझ्या तोंडात घास कोंबता येत नाही. पण जेवता येतं. लेकीच्या घरी मूल आल्याशिवाय जेवू नये म्हणतात ना? त्या घरात माझं मूल राहतं. मला तेवढं पुरे. शनिवारी निघतेय. डबा आणत नाही, तांब्याही नाही. भात टाक, करपला तरी चालेल, आणि उठवत नसेल तर मी टाकीन, तुझ्याच चुलीवर, तुझ्याच तांदळाचा. तुला जेव म्हणणार नाही. फक्त माझ्या शेजारी बस, मला खूप भूक लागलेली असेल.

तुझीच,
उपाशी निघणारी आई