मासळीच्या गाडीत गारठलेली झाडं

बाबा, वाईट बातमी आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला पुढचं नीट ऐकता येईल. तुमच्या झाडांची या मे महिन्यात पार वाट लागली होती. ऊन लागलं नाही, कीड पडली नाही, पाणी कमी पडलं नाही. गारठून गेली. मुंबईत, मे महिन्यात, बर्फाने. हे वाचून तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलं असतं, पोरीचं डोकं फिरलं की काय म्हणून. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मी सदुसष्टीला टेकले, तरी तुमची ती नजर आठवली की मी अजून पदर सावरते.

तुम्ही माळी होतात तो मरोळचा कारखाना बंद पडला तेव्हा काचघरातल्या सतरा कुंड्या हातगाडीवर घालून तुम्ही दिंडोशीला घरी आणल्या होत्या. कारखान्यात कुणालाच त्या नको होत्या. त्यांची रोपं करत करत आता साठेक कुंड्या झाल्यात. अँथुरियम, क्रोटन, बिगोनिया, आणि ते हरणाच्या शिंगांसारखं फर्न, ज्याच्यापाशी तुम्ही मला श्वाससुद्धा हळू घ्यायला लावायचात. गच्चीवर लोखंडी पाइप उभे करून, हिरवी जाळी आणि जाड प्लास्टिक बांधून मी त्यांच्यासाठी बेताचं ग्रीनहाऊस केलंय. कुठल्या वर्गाला गेले नाही. तुमचे हात बघून जे शिकले तेवढंच. तुम्ही असतात तर पहिल्यांदा माझ्या दोरीच्या गाठींना नावं ठेवली असतीत.

यंदा सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलं. सेक्रेटरी म्हणाला, "काकू, आठ दिवसांत गच्ची मोकळी पाहिजे हां." गोराईला माझ्या मैत्रिणीची वाडी आहे, नारळाखाली गार पडवी आहे. पावसाळाभर तिथे ठेवायचं ठरलं. गाडीचं तुमच्या धाकट्याने अंगावर घेतलं. तोही आता साठीचा झालाय, पण कुठलंही काम सांगा, आधी "झकास" म्हणतो आणि मग विचार करतो. उत्तनहून मासळी घेऊन पहाटे मुंबईत येणारी एक बंद गाडी दुपारी रिकामीच परत जाते, तीच त्याने ठरवली. मला म्हणाला, "ताई, बंद गाडी आहे. वारा नाही, ऊन नाही. एक पान हलणार नाही." पान हललं नाही हे खरं.

मी सकाळीच बोरिवलीहून बोटीने पलीकडे गेले होते, पडवी झाडायला, फळ्या मांडायला. गाडी उत्तनचा वळसा घालून आली तेव्हा चार वाजले होते. धाकटा पुढे ड्रायव्हरशेजारी बसून कलिंगड खात आला. ड्रायव्हर गोराईचाच कोळी, पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने मागचं दार उघडलं आणि आतून धूर आला, म्हणजे आम्हाला धूर वाटला. फ्रीजच्या वरच्या खणात साचतो तसा पांढरा थर पानापानावर होता. फर्नला बोट लावलं तर पान काचेसारखं कट्‌कन मोडलं. मी ओरडले ती अशी की मैत्रीण विहिरीवरून धावत आली.

"गार करायची मशीन कोणी लावली?"

धाकट्याने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि कलिंगडाची साल हातात धरून खाली बघत राहिला. ड्रायव्हर म्हणाला, "मीच लावली बाय. आमचे गाडीन माल चढला का मशीन लावाची, हाताला सवय हाय. मासलीचा आकडा होता, तोच ठेवला. चूक माजी."

"माल?" मी म्हटलं. "हा माल आहे? सुरमई आहे ही? माझ्या बाबांची झाडं आहेत ती." आणि पुढे बरंच काही म्हटलं. धाकट्याला गाढव म्हटलं, त्याच्या लहानपणापासूनची सगळी गाढवं मोजून दाखवली. तो एक अक्षर बोलला नाही. मला त्याचं ते गप्प बसणं जास्तच झोंबलं.

आणि त्याच तिरीमिरीत, बाबा, मला तुमचा राग आला. जुनाच राग, खाली बसलेला, ढवळला गेला. मी चौदा वर्षांची, डबा घेऊन मरोळला आले होते. परदेशी पाहुणे येणार म्हणून साहेबाने काचघराच्या सगळ्या खिडक्या बंद करून रंगवायला सांगितल्या होत्या. तुम्ही म्हणालात, साहेब, आत उकडेल. तो म्हणाला, दोन दिवसांनी काय होतंय. दोन दिवसांनी दार उघडलं तर आत सगळं भाजीसारखं शिजून काळं पडलेलं. साहेब सगळ्यांसमोर ओरडतोय, माळ्याचं लक्ष नाही म्हणतोय, आणि तुम्ही हात जोडून उभे आहात. "चुकलं साहेब." मी हातातला डबा इतका घट्ट धरला होता की कडीचा वळ तळव्यावर उठला. संध्याकाळी घरी येताना मी विचारलं, खरं का नाही बोललात? तुम्ही चालता चालता म्हणालात, "मी भांडत बसलंय असतंय, तर झाडांक सावली कोणी केल्यान असती?"

हे उत्तर मला पन्नास वर्षं पटलेलं नाही. आजही पटत नाही. सावली करूनही खरं बोलता येतं. साहेबाचं तोंड सांभाळायला तुमची मान का खाली जावी? दोन महिन्यांनी झाडांना पालवी आली तेव्हा पाहुण्यांना घेऊन काचघर दाखवत कोण फिरला? तोच. तुम्ही मागे पाण्याची झारी घेऊन. घरात आम्हाला एवढ्या तेवढ्यावरून दम भरणारा माणूस तिथे मेणाचा का होतो, हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. तुम्हीही नाही.

पण हात तुमचेच कामाला आले, हे नाकबूल कसं करू? थंडीने भाजलेलं पान आणि उष्णतेने शिजलेलं पान दिसायला एकाच रंगाचं. दुसऱ्या दिवशी बर्फ उतरला आणि सगळं उकडलेल्या पालकासारखं लोळागोळा झालं. सकाळी बघते तर धाकटा कात्री घेऊन बसलाय, काळी पानं कापत. चार कुंड्या भादरून झाल्या होत्या. शिवाय ऊब मिळावी म्हणून दहा कुंड्या त्याने अंगणात उन्हात नेऊन मांडल्या होत्या. मी त्याच्या हातावर चापट मारली, अगदी तुम्ही माझ्या हातावर मारली होतीत तशी. काळं पान खुडायला गेले होते तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "हात लावू नको गो. जगाचा की मराचा, ता झाडाक ठरवूंदे." धाकट्याला मी एवढं गोड सांगितलं नाही.

कुंड्या परत पडवीत, उजेड येईल पण ऊन येणार नाही अशा. बिगोनियाची पानं पिळपिळीत होऊन वास मारायला लागली होती तेवढी काढली, नाहीतर सड खोडात उतरली असती. बाकी काळी पानं तशीच राहू दिली. ती मेलेली असली तरी खालच्या फुटव्याच्या डोळ्यांवर पांघरूण असतात. खत बंद. पाणी बोटाने माती बघून, पेलाभर. घायाळ माणसाला पुरणपोळी भरवत नाहीत, तसंच. तुम्ही दिलेला कलमाचा छोटा चाकू अजून आहे माझ्याकडे. त्याने क्रोटनच्या फांदीची साल नखाएवढी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी असेल तर आणखी दोन बोटं खाली बघायचं. साठ कुंड्या, रोज दहा. डोळे दुखायचे. मैत्रीण म्हणायची, "अगं, रोज रोज खरवडून तूच मारशील त्यांना." तेही खरंच होतं, मग आठवड्याने बघायला लागले.

सल्ले देणारे तर विचारू नका. भाचीने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि सगळे वैद्य जागे झाले. कोणी म्हणे हळद घाला, कोणी म्हणे कोमट पाण्याने आंघोळ घाला. सेक्रेटरीने फोन केला. "काकू, कशाला त्रास करून घेता यार? फेकून द्या ना. गच्चीवर आता आर्टिफिशियल मस्त मिळतात, पाणी नको, गळती नको."

म्हटलं, "तुझ्या आईला ताप आला होता तेव्हा प्लास्टिकची आणली होतीस का रे?"

तो हसला. "काय काकू तुम्ही पण." त्याला वाटलं मी गंमत करतेय. हीच माणसं, बाबा. ज्याला हात लावावा लागतो, ज्याची वाट बघावी लागते, ते यांना कचरा वाटतं. माझं रक्त उकळतं. सात आठवडे उकळत होतं.

आणि त्या सात आठवड्यांत तो ड्रायव्हर एक दिवसाआड यायचा. घर जवळच. दारातून विचारायचा, "काय बाय, काय बोलतात झारं?" पहिल्या वेळी मासळी धुतलेलं पाणी बादलीभर घेऊन आला. त्यांच्याकडे माडाला तेच घालतात, माड कसे लदबदतात ते मी बघितलेत. मी म्हटलं, आत्ता नको, आत्ता काहीच नको. तो बादली घेऊन तसाच उभा. मग स्वतःहून झावळ्या आणल्या आणि पडवीच्या पश्चिमेला आडोसा बांधून दिला. त्याच्या गाठी तुम्हाला आवडल्या असत्या. दर वेळी जाताना म्हणायचा, "मी इचाराला पायजे होतं बाय, किती थंड ते." आणि मी म्हणायची, "जाऊ द्या हो आता." मोठ्या मनाची असल्यासारखी.

जुलैत एका सकाळी अँथुरियमच्या काळ्या बुंध्यातून गव्हाएवढा लाल कोंब दिसला. मग क्रोटन. फर्न सगळ्यात शेवटी, मी आशा सोडल्यावर. साठातली एकेचाळीस जगली. तुमच्या मूळ सतरांपैकी अकरा. धाकट्याने पेढे आणले. ड्रायव्हरही आला. कोंबाकडे वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "माज्या हातान मेली असती तर मना झोप नसती लागली." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. धाकट्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी गाडीपाशी बघितलं होतं तसंच, आणि पेढ्याचा बॉक्स पुढे करून त्याने विषय बदलला.

तो का बघतो हे मला ठाऊक आहे. त्या सकाळी जेटीवर उतरल्या उतरल्या मी धाकट्याला फोन केला होता. ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं होतं, "त्याला मशीन लावायला सांग. चांगलं थंडगार ठेव म्हणावं." धाकट्याने सांगितलं, ड्रायव्हरने लावलं. दोघांनीही माझं नाव घेतलं नाही. ड्रायव्हरला ते ठाऊक नव्हतं, तरी धाकट्याकडे बोट न दाखवता त्याने सगळं आपल्या सवयीवर घेतलं, आणि धाकट्याने मुकाट्याने शिव्या खाल्ल्या.

अजून मी त्या माणसाला हे सांगितलेलं नाही, बाबा. परवाही तो आला होता. मी चहा दिला, बिस्किटं दिली, आणि सांगितलं नाही. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही काही वाचायला येत नाही.