ढोलीतली बाळंतीण

१९ मार्च
चहात पुन्हा चिलट. ओतून दिला, दुसरा केला, त्यातही एक. फाटकाजवळच्या उंबराला बुंध्यापासून फळं लगडली आहेत. ती फुटली की आतलं सगळं लष्कर सरळ माझ्या स्वयंपाकघरात. गेल्या महिन्यात सोसायटीला अर्ज दिला, त्याची साधी पोच नाही. चेअरमन सावंतांना यापुढे इथे नुसतं 'चे.' लिहीन. पूर्ण नाव लिहिण्याची त्यांची योग्यता नाही.

२३ मार्च
घरामागच्या शिरीषाच्या झाडातल्या ढोलीचं तोंड कुणीतरी लिंपून टाकलंय. वाटलं, हाही चे.चाच उद्योग. सुरेखाला विचारलं. ती रोज गडमुडशिंगीहून दूध घेऊन येते आणि माझा स्वयंपाक करते.
"धनेशाची मादी हाय की आत! सोताच कोंडून घेत्यात. आमच्या बांधावर बघितलोय मी. अंडी, पिल्लं, समदं आतच. नर आणून भरवतोय."
"आणि नाही आणलं तर?"
"मग काय? बाळंतीण हाय ती. दार लावून बसलीया. जाणार कुठं?"
म्हातारपणी पक्षी बघत बसणाऱ्या बायकांपैकी मी नाही. पण खिडकी ओट्यासमोरच आहे, न बघून करते काय.

२७ मार्च
नर वक्तशीर. साडेसहाला हजर. राखी रंग, वाकडी चोच, चेहरा निवृत्त तहसीलदारासारखा. लिंपणात ठेवलेल्या चिरेतून आतल्या चोचीचं टोक दिसतं. हा घशातून एकेक उंबर वर काढतो आणि तिला देतो. उंबराकडून शिरीषाकडे, परत उंबराकडे. मधे एक सरडाही आणला. कोर्टात चौतीस वर्षं नवऱ्यांच्या साक्षी लघुलिपीत उतरवून घेतल्या, असा एकही भेटला नव्हता.

२ एप्रिल
संताप. 
सकाळी बाजारातून आले तर उंबराखाली फळांचा चिखल. दोन माणसांनी बांबूने बुंधा, फांद्या सगळं झोडपून काढलेलं. तिसरा पाठीवर पंप घेऊन औषध मारतोय. शेजारी चे., कपाळाला गंध. पारावर फोडलेला नारळ आणि विझलेली उदबत्ती.
मी : "हे काय चाललंय?"
चे. : "काय मॅडम, कुऱ्हाड लावलीय काय आम्ही? दत्ताचं झाड हाय, आम्हाला कळतंय की. आधी पूजा केली, मगच औषध मारलं. नुसती सफाई."
कुऱ्हाड लावली तर पाप. विष मारायचं तर आधी नारळ. वर मला प्रसादाचं खोबरं दिलं. घेतलं नाही.

३ एप्रिल
नर साडेसहाला आला नाही. नऊला आला, चोचीत एक नाकतोडा. मग उंबरावर जाऊन बसला, मान वाकडी करकरून बुंधा बघत होता. उडून गेला.
सुरेखा (यापुढे सु.) म्हणते, औषधाचं फळ खाल्लं नाही म्हणजे मिळवली. एकच नाकतोडा, आणि आत तोंडं किती कोण जाणे.

५ एप्रिल
सोसायटीच्या ऑफिसात गेले. चे.ना उभं-आडवं घेतलं. कुणाला विचारलं? कुठला ठराव? कुणाच्या सांगण्यावरून? सगळं ऐकून घेतलं त्यांनी, हे मान्य करायला हवं. मग फाईल काढून माझ्यापुढे सरकवली.
माझा अर्ज. 'उंबराच्या फळांमुळे होणाऱ्या कीटकांच्या उपद्रवाचा तातडीने व कायमस्वरूपी बंदोबस्त करावा.' खाली माझी सही, वळणदार.
"तुमचे अर्ज लई येतात मॅडम. पण ह्यो वाचला आणि म्हटलं, हितं टाळता यायचं न्हाय."
कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी अर्ज लिहायला शिकवलं होतं. मागणी एका वाक्यात आणि पळवाट ठेवायची नाही. ठेवली नव्हती.

६ एप्रिल
शुक्रवारी शाळेतल्या ख्रिस्ती मुली कन्फेशनला, जाळीआडच्या फादरना पापं सांगायला, जायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर बसून त्यांना पापं सुचवायचो. आज ती जाळीची खिडकी हवी होती. घरात फक्त सु. तिला सांगितलं.
ती कणीक मळत होती. म्हणाली, "व्हय? मग आता नुसतं रडून काय हुतंय? बाळंतिणीला घालायचं काय ते बघूया की."
मी रडत नव्हते. कांदा होता.

८ एप्रिल
सु.ने बांधावरच्या उंबराची किटलीभर फळं आणली. ताटलीत घालून कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. कावळे, बुलबुल, खार, सगळ्यांनी जेवून घेतलं. नराने बघितलंसुद्धा नाही. पिंडाला न शिवणाऱ्या कावळ्यासारखी मान दुसरीकडे.

१० एप्रिल
सु.चं म्हणणं, ताटात वाढलेलं त्याला कळत नाही, फळ झाडावरच पाहिजे. म्हणून आज फळांसकट फांदीच आणली. शिरीषाला सुतळीने बांधायची ठरली. शिडी सोसायटीची, म्हणजे चे.ची परवानगी. ते स्वतःच आले आणि शिडी धरून उभे राहिले. वर सु., खाली मी सूचना द्यायला.
चे. : "मॅडम, ह्याचा पण अर्ज देणार काय?"
 हसू आलं होतं, ते त्यांना दिसू दिलं नाही.

१३ एप्रिल
घेतलं! दहा वाजता. आधी एक तोडून खाली टाकलं, मग दुसरं घेतलं. ढोलीकडे गेला, दिलं. चिरेतून चोच आली आणि गेली.
सु.ला फोन केला. चे.ना केला नाही. संध्याकाळी केला.

१८ एप्रिल
आपल्या उंबराला नवी फळं धरली होती, ती सगळी खाली पडताहेत. हिरवी, टणक, सुपारीएवढी. सुरीने चार कापली. आत नुसतं भुसकट, एक चिलट नाही.
दुपारभर वाचत बसले. उंबराचं फूल फळाच्या पोटात असतं. ते चिलट आत शिरतं तेव्हाच फळ टिकतं, नाही शिरलं तर झाड ते टाकून देतं. चिलट नाही तर उंबर नाही, उंबर नाही तर... पुढचं माझ्या खिडकीसमोर आहे.
म्हणजे मी ओतून देत होते तो चहा...
आणि बंदोबस्त 'कायमस्वरूपी' मागितलेला.

२१ एप्रिल
सु.च्या बांधावरचा बहार संपत आला. फार तर दोन फांद्या निघतील म्हणाली. चे. त्यांच्या मेहुण्याच्या मळ्यात विचारून बघतायत. पारावर त्यांनी पाटी लावली : 'औषध मारू नये.' मजकूर माझा. एकच वाक्य.

२४ एप्रिल
नर कालपासून नाही. बांधलेली फळं तशीच, दोन सुकली. ढोलीत मात्र हालचाल आहे. मधूनच टकटक होते, चिरेत चोचीचं टोक येतं, थांबतं, आत जातं. सु. म्हणते, लांब गेला असेल चाऱ्याला. ते म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती.
चे. दोनदा येऊन विचारून गेले, "आला काय?" मेहुण्याकडची फांदी संध्याकाळी येणार.
आत्ता चार वाजता चहात एक चिलट पडलं. उंबराचंच असेल असं नाही, ओट्यावर केळी आहेत. चमच्याच्या टोकाने अलगद काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवलंय, उन्हात. पाय हलताहेत. पंख अजून ओले.
चहा गार झाला. खिडकीतून उठवत नाही.