माझ्या टूरचा शेवटचा थांबा

१९ मार्च
पोस्टातून निवृत्त होऊन तीन महिने. मलाक्काची टूर सुरू करणार. बाकीचे गाइड लाल चौक दाखवतात, सायकलरिक्षात बसवतात, संपलं. माझा शेवटचा थांबा बुकित चिनाच्या टेकडीवर, खुद्द माझ्या आजोबांच्या थडग्यापाशी. त्यांची तीन जहाजं होती.

२३ मार्च
छत्री घेतली. बिल्ला केला. रोज दहा चिनी अक्षरं शिकायचा निश्चय.

२५ मार्च
दोन झाली. आम्ही बाबा लोक, मूळचे चिनी, पण घरात पिढ्यान्‌पिढ्या मलय भाषा. चिनी वाचणाऱ्यांना आमच्यासारखं कोंबडीचं पोंगते रांधता येतं का? विषय संपला.

३० मार्च
थोरल्या बहिणीचा, ताचीचा फोन. इतकी वर्षं चेंगबेंगला, पितरांना जेवू घालायच्या सणाला, ती सासरच्याच थडग्यांवर जायची. म्हणाली, सियू, गुडघे संपले रे. यंदा चेंगबेंगला आजोबांना एकदा भेटव, पुन्हा चढणं नाही. म्हटलं, टूरबरोबरच ये, पाच जहाजांची गोष्टही ऐकशील. म्हणाली, कसली जहाजं, एक गळकी होडी होती.
बायकांच्या लक्षात राहत नाही.

५ एप्रिल, सकाळी ६
आज चेंगबेंग. सहा पर्यटक. वडील गेल्यापासून अकरा वर्षं थडगं मीच झाडतो, नैवेद्य ठेवतो. चाफ्याच्या पुढचं दुसरं. चाफा पडला, पण मला वाट पाठ आहे. सात जहाजं सांगावीत.

५ एप्रिल, दुपारी
ताची पाच ठिकाणी बसत वर आली. म्हणाली, इथं कुठे? आजोबांच्या पायाशी उभं राहिलं की समुद्र दिसायचा. म्हटलं, झाडं वाढली. म्हणाली, दगडावर त्यांचा फोटो होता. म्हटलं, चोरीला गेला. पर्यटकांना हेच सांगतो.
सातव्या जहाजापर्यंत आलो होतो. तैवानच्या एक निवृत्त शिक्षिका, लिनबाई, दगडाशी वाकल्या. त्यांनी हळूच विचारलं, तुमचं आडनाव ओंग ना? दगडावर लिहिलंय, या लिऊ घराण्यातल्या बाई आहेत. मागे दोन मुली.
ताचीच्या हातात नैवेद्याची अख्खी कोंबडी. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं.
वीस पावलं वर वेलींचा ढीग होता. ताचीनं छत्रीच्या दांड्यानं वेली ओढल्या. खाली चिनी मातीच्या तबकडीवरचा फोटो. नाक माझंच. मागे वळून पाहिलं. समुद्र दिसत होता.
फोटो बाहीच्या टोकानं पुसत ताची त्यांनाच म्हणाली, आजोबा, उपाशी ठेवलं हो तुम्हाला आम्ही.
‘आम्ही’ म्हणाली, ‘यानं’ नाही.

६ एप्रिल
टूर बंद. बिल्ला कपाटात.

११ एप्रिल
एकटाच कोयता घेऊन गेलो. गवत काढलं. चहा ओतला. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि म्हणालो, आजोबा, झाडं फार वाढली होती.
मग पुन्हा चहा ओतला.
उतरताना लिऊबाईंपुढे एक कुए, तांदळाची गोड वडी, ठेवली. त्यांना सवय झाली असेल.